दरपत्रक आधी हातात देणारा स्टुडिओ

कोल्हापुरातल्या या फोटो स्टुडिओला मी पाचपैकी चार तारे देतेय, आणि त्यातले दोन तर नुसत्या दरपत्रकाचे आहेत. राजारामपुरीतला तो जिना चढून आत गेलं की बसल्या बसल्या एक छापील कागद हातात मिळतो. सिटिंगचे, म्हणजे नुसतं बसवून फोटो काढण्याचे किती, रिटच करून, म्हणजे डागडुजी करून दिलेल्या एका फोटोचे किती, कुठल्या मापाची प्रिंट केवढ्याला, फ्रेम केवढ्याला, सगळं वेगवेगळं लिहिलेलं. खाली ठळक अक्षरांत, 'सर्व दर जीएसटीसह'. फोटोग्राफीवर १८ टक्के जीएसटी लागतो, त्यामुळे या ओळीला किंमत आहे. दुसऱ्या एका ठिकाणी मला फोनवर सात हजार सांगितले होते. खोदून विचारल्यावर कळलं, कर धरून ८,२६० होणार, फ्रेम त्यात नाही, सॉफ्ट कॉपी हवी असेल तर तिचे आणखी वेगळे. तिथे मी पाऊलही टाकलं नाही.

निमित्त होतं आईच्या सहस्रचंद्रदर्शनाचं. आम्हाला तिचा एकटीचा एक चांगला फोटो हवा होता आणि सगळ्या घराचा एक.

पॅकेजेस तीन आहेत. लहान ३,२०० चं: सिटिंग, पाच फोटो आणि ८ बाय १२ इंचांची एक प्रिंट. सुटं घेतलं तरी ३,४५० होतात, म्हणजे फार काही वाचत नाही. मोठं १५,००० चं: त्यात अल्बम आणि कॅनव्हास येतो. साखरपुडा वगैरे असेल तर ठीक, नुसत्या पोर्ट्रेटसाठी एवढा अल्बम कपाटातच पडून राहणार. खरा हिशेब आहे तो मधल्या पॅकेजचा. ७,५०० मध्ये सिटिंग, रिटच केलेले दहा फोटो सॉफ्ट कॉपीसकट, ८ बाय १२ च्या चार प्रिंट्स, आणि माउंट (फोटो आणि काच यांच्यामधली पुठ्ठ्याची चौकट) व फ्रेमसह १६ बाय २४ ची एक मोठी. दरपत्रकावरूनच मी बेरीज केली: सिटिंग १,५००, दहा फोटोंचे ३,०००, चार प्रिंट्सचे १,८०० आणि मोठ्या फ्रेमचे ३,२००. एकूण साडेनऊ हजार. दोन हजार सरळ वाचतात, आणि चार भावंडांच्या घरी एकेक प्रिंट जाते. आम्ही हेच घेतलं.

मापांबद्दल त्यांनी जे समजावून सांगितलं ते कुणीतरी आधीच सांगायला हवं होतं असं वाटलं. त्यांच्या कॅमेऱ्यात फोटो तीनास दोन या प्रमाणात येतो. ८ बाय १२, १६ बाय २४, २० बाय ३० ही मापं त्यात बरोब्बर बसतात. ८ बाय १० मागितलं की लांबीतले दोन इंच जातात, आणि घरातल्या सगळ्यांचा फोटो असेल तर नेमका कडेला उभा असलेला जावई किंवा नातू अर्धा कापला जातो. "ताई, घरी ८ बाय १० ची फ्रेम तयार असेल तर आत्ताच सांगा, मी कडेला जागा सोडून काढतो," असं ते फोटो काढायच्या आधी म्हणाले. त्यांच्या २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातून १६ बाय २४ ला इंचाला अडीचशे पिक्सेल मिळतात. भिंतीवरच्या फोटोला तेवढे पुष्कळ झाले. पण व्हॉट्सअ‍ॅपवर फिरून आलेला फोटो लॅबमध्ये नेऊन मोठा काढू नका, हेही त्यांनी बजावलं. पाठवताना तो दाबून लहान होतो.

आईच्या कपाळावर आणि हनुवटीवर गोंदण आहे. मागे एका कार्यक्रमाच्या फोटोत ते कुणीतरी डाग समजून साफ पुसून टाकलं होतं, आणि चेहराही इतका गुळगुळीत केला होता की आमच्या धाकट्या आत्याला आई ओळखू आली नव्हती. इथे लाइट लावता लावताच विचारलं, "आजी, गोंदण तसंच ठेवायचं नव्हं?" आई म्हणाली, "मग? लग्नाआधीपासनं हाय ते." तीन दिवसांनी निवडीसाठी बोलावलं तेव्हा स्क्रीनवर न दाखवता ४ बाय ६ च्या छोट्या प्रिंट्स टेबलावर मांडल्या होत्या. गोंदणाचा हिरवट रंग जसाच्या तसा, सुरकुत्या जागेवर, फक्त चष्म्याच्या काचेवरची चमक काढलेली. इरकलीचा काठ ग्लॉसीवर जास्त उठून दिसत होता, पण उजेडात धरला की झळाळी डोळ्यांवर येत होती. म्हणून आम्ही मॅट घेतलं. कागदावरचा फोटो हातात धरून निवडायला मिळणं ही मला या स्टुडिओतली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते. मोबाइलवर सगळेच फोटो बरे दिसतात.

आईच्या एकटीच्या फोटोसाठी मी वेगळे १,४०० देऊन कॉटन कागदावरची ८ बाय १२ प्रिंट घेतली. साधी ४५० ला आहे. इतरांना साधी पुरेशी आहे, पण एक फोटो पिढ्यान्पिढ्या ठेवायचा असेल तर हा कागद जरूर घ्या. काळा रंग इतका खोल आणि मऊ मी साध्या प्रिंटमध्ये पाहिला नाही.

फ्रेममध्ये माउंट असायलाच हवा. कोल्हापूरच्या पावसाळ्यात काचेला टेकलेला फोटो दमट हवेने चिकटतो आणि मग सोडवताना फाटतो. आमच्या आजोबांचा तसाच गेला. इथे माउंट पॅकेजमध्येच आहे, मात्र फ्रेमची पट्टी सिंथेटिक आहे. सागवानी हवी असेल तर नुसती प्रिंट आणि माउंट घेऊन बाहेरून करून घ्या, तेवढे पैसे ते कमी करतात.

फॉर्मवर सही करायच्या आधी वाचा. फोटो शोकेसमध्ये लावायला परवानगी, अशी एक ओळ त्यात आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, वेगळा करार नसेल तर पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोच्या कॉपीराइटचा पहिला मालक काढून घेणारा असतो. मी ती ओळ खोडली, त्यांनी काही कुरकुर न करता शेजारी सही केली.

एक तारा कापला तो दोन गोष्टींसाठी. स्टुडिओ दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. आईला दोघांनी धरून वर न्यावं लागलं. म्हाताऱ्या माणसांचे फोटो इतके सुंदर काढणाऱ्याने घरी येऊन फोटो काढण्याचा दरही कागदावर छापावा. विचारलं तर येतात म्हणे, पण ते विचारल्यावरच कळतं. दुसरं, न निवडलेले फोटो तीन महिन्यांनी काढून टाकतात आणि हे दरपत्रकावर कुठेही नाही. बिलाच्या मागे बारीक अक्षरांत आहे.

अ‍ॅडव्हान्स निम्मा. प्रिंट्स मिळायला पंधरा दिवस लागतात, लग्नसराईत जास्त, तेव्हा कार्यक्रमात फ्रेम द्यायची असेल तर महिनाभर आधी सिटिंग करा. सकाळची वेळ मागून घ्या. तेव्हा गर्दी नसते आणि म्हाताऱ्या माणसांना घाई होत नाही.