क्वायरचे आठ महिने: सर, मॅडम आणि आमचे पियानोकाका

वर्गणी परत भरायची वेळ आलीये म्हणून लिहितेय. मेंबर होण्याआधी मी खूप शोधलं होतं की असल्या हौशी क्वायरमध्ये, म्हणजे समूहगानाच्या गटात, पैसे भरून नक्की मिळतं काय, तर सगळीकडे "छान ग्रुप, मस्त वातावरण" एवढंच. वातावरणाचं काय लोणचं घालायचंय? शिकवतं कोण, कसं, ते सांगा ना.

मी आल्टोत. सोप्रानो, आल्टो, टेनर, बेस हे क्वायरचे चार आवाज: पहिले दोन बायकांचे, उंच आणि खालचा, पुढचे दोन पुरुषांचे, तसेच. चालवणारी माणसं तीन: मुख्य सर, सेक्शनल (एकेका आवाजाची वेगळी तालीम) घेणाऱ्या असिस्टंट मॅडम, आणि पियानोवर साथ करणारे, ज्यांना सगळे पियानोकाका म्हणतात.

आधी सर. माणूस अभ्यासू आहे, स्कोअर (सगळ्या आवाजांची लिहिलेली स्वरलिपी) पाठ असतो, शब्द तोडायची शिस्त जबरदस्त, म्हणजे व्यंजन ठोक्याच्या जरा आधी आणि स्वर बरोबर ठोक्यावर, हे मला आयुष्यात कोणी सांगितलं नव्हतं. पण सर गातात. कंडक्ट करता करता गातात! आणि तेही टेनरबरोबर, कारण आमच्याकडे टेनर तीन, त्यातला एक दर वेळी लवकर निघतो. टेनरची टंचाई सगळ्याच हौशी क्वायरना असते, मान्य, पण समोर उभ्या माणसाचं काम ऐकायचं असतं ना? स्वतःच गायला लागलं की कानात स्वतःचाच आवाज, मग आम्ही आल्टो काय दिवे लावतोय ते कळणार कसं? शिवाय ते श्वास टेनरच्या एन्ट्रीला घेतात, आमच्या एन्ट्रीच्या वेळी त्यांचं तोंड आधीच उघडं असतं, मग आम्ही अंदाजपंचे घुसतो. मी वहीच्या मागे खुणा करायला लागले होते, एका तालमीत चौदा वेळा. घरचे म्हणाले तू गायला जातेस की हजेरी घ्यायला.

(सतराव्या शतकात लुली नावाचा संगीतकार फ्रान्समध्ये जाडजूड काठी जमिनीवर आपटून ताल द्यायचा, ती पायावर बसली, जखम चिघळली आणि १६८७ मध्ये त्यातच गेला. आमच्या सरांच्या हातात पेन्सिल असते हे त्यातल्या त्यात बरं.)

मॅडमबद्दल तक्रार नाही. वीस मिनिटांत आमची लाइन बसवतात, "तुमचा सूर सोप्रानोच्या शेवटच्या नोटेत लपलाय, तिथून उचला" असं नेमकं सांगतात. पुढे.

आता पियानोकाका. खरं सांगते, सुरुवातीला मला हा खर्च फालतू वाटायचा. वर्गणीतून त्यांना मानधन जातं हे कळल्यावर तर मी मॅडमना विचारलंसुद्धा की प्रॅक्टिस ट्रॅक मोबाइलवर मिळतात, मग माणूस कशाला? त्या नुसत्या हसल्या. मग पाचव्या महिन्यात काका तीन आठवडे आले नाहीत आणि माझी इच्छा पूर्ण झाली, ट्रॅकवर तालीम. ट्रॅक थांबत नाही हो! सर म्हणणार "सत्ताविसाव्या बारपासून, फक्त आल्टो आणि बेस" (बार म्हणजे स्वरलिपीतला तालाचा एक खण), मग कोणीतरी स्पीकरशी झटापट करणार, ते एकतिसाव्यावर जाणार, परत मागे, तोवर सूर डोक्यातून गायब. काका असताना सरांचं वाक्य संपायच्या आत चारही भागांचे सूर खालून वर एकेक करून वाजलेले असायचे. चार ओळी एकदम वाचतात ते, त्यात टेनरची ओळ लिहिल्यापेक्षा एक सप्तक खाली वाजवायची, आणि पान उलटायच्या आधी पुढच्या पानाचा पहिला बार पाठ, कारण पानाचा खालचा कोपरा दुमडून ठेवलेला असतो आणि डावा हात तिकडे जातो तेव्हा उजवा एकटाच सांभाळतो. हे मी आधी कधी बघितलंच नव्हतं. इथे माझं मत पहिल्यांदा बदललं.

दुसऱ्यांदा बदललं कार्यक्रमात. आमच्या शेवटच्या पीसमध्ये मधला मोठा तुकडा पियानोशिवाय आहे आणि मग पियानो परत येतो. तालमीत तिथे दर वेळी अपघात. आम्ही उतरलेले, काका मूळ पट्टीत, दोन्ही एकत्र आले की अंगावर काटा, आणि चांगला नव्हे. मी अर्थातच सरांच्या गाण्याला दोष द्यायचे. कार्यक्रमात आम्ही जवळजवळ पूर्ण अर्धा सूर उतरलो, मला स्वतःला कळत होतं, पोटात गोळा, आता पियानो येणार... आणि आला तो आमच्याच पट्टीत! शेवटची दोन पानं काकांनी अख्खी अर्धा सूर खाली वाजवली. समोरच्यांना पत्ता नाही. सरांचा हात क्षणभर अडखळला, बस.

नंतर मी विचारलं कसं काय जमलं. तर म्हणाले, अगदी सोपं, पीस डी मेजर पट्टीत आहे, डी फ्लॅट म्हणजे अर्धा सूर खालची पट्टी समजून वाचायचं, नोटांची नावं तीच राहतात, फक्त दोन शार्पच्या (सूर अर्धा चढवायच्या खुणा) जागी पाच फ्लॅट (अर्धा उतरवायच्या) आहेत असं धरायचं, मध्ये येणारी सुटी चिन्हं तेवढी सांभाळायची. तेवढी!

मग मी हळूच पिल्लू सोडलं की सर टेनरबरोबर गातात म्हणूनच आपण उतरतो ना? काका म्हणाले, "टेनर बरे असतात हो. आल्टोला एकच सूर आठ-आठ बार धरायचा असतो, तो प्रत्येक वेळी केसभर खाली बसतो. आणि गंधार तुमच्याकडेच असतो बहुतेक." म्हणजे असं की तानपुऱ्यातून ऐकू येतो तो गंधार पियानोच्या गंधारापेक्षा साधारण १४ सेंटनी खाली असतो (अर्धा सूर म्हणजे १०० सेंट), आणि पियानो थांबला की कान आपोआप त्या गोड गंधाराकडे जातो. कॉर्ड गोड लागते, पण पुढची ओळ त्याच गंधारावरून उचलली की सगळेच खाली सरकतात.

घरी मोबाइलवर ट्यूनर लावून आमची ओळ एकटीने गाऊन बघितली. सुरुवात बरोब्बर, आठव्या बारला काटा डावीकडे. तीनदा केलं, तिन्ही वेळा डावीकडे. म्हणजे वहीतल्या त्या चौदा खुणा... जाऊ दे.

वर्गणी भरली. काकांचं मानधन वाढवा असंही फॉर्मवर लिहिलंय, माझ्या वर्गणीत वाढ न करता जमलं तर. सर अजून गातात, परवा अकरा वेळा.