यीवू मार्केट: पायांचे तुकडे पडतात, पण माल मिळतो

आमचं कोल्हापुरात छोटं गिफ्ट आणि फॅन्सीचं दुकान आहे, गणपती डेकोरेशनचा माल इतकी वर्षं मुंबईहून आणायचो, पण यंदा मी आणि नणंद म्हटलं जिथून सगळा येतो त्या चीनमधल्या यीवूलाच एकदा जाऊन बघू. वस्ती साडेअठरा लाख, म्हणजे चीनच्या हिशोबाने तालुक्याचं गाव.

आधीच सांगते, हा मॉल नाही. एकापुढे एक पाच डिस्ट्रिक्ट, 75 हजाराच्या आसपास गाळे, आणि गाळ्यात नुसती सॅम्पलं टांगलेली. माल फॅक्टरीतनं येणार. दोन पीस द्या म्हटलं की ती बाई गोड हसते आणि परत नूडल्स खायला लागते, इथे कार्टनची भाषा चालते. घरच्यांसाठी शॉपिंग करायला जाणार असाल तर नका जाऊ.

पहिला अख्खा दिवस आम्ही "सगळं बघू" म्हणत वाया घालवला, संध्याकाळी पाय असे सुजले की चप्पल घालवेना. दुसऱ्या दिवशी शहाणपण आलं, फक्त डिस्ट्रिक्ट 1, तिथेच खेळणी, प्लास्टिकची फुलं, इमिटेशन ज्वेलरी सगळं आहे. तुम्हाला छत्र्या बॅगा हव्यात तर 2, स्टेशनरी 3, मोजे टॉवेल 4. गाळ्याचा नंबर आणि मालाचा फोटो एकाच फ्रेममध्ये काढा, नाहीतर रात्री खोलीवर दोनशे फोटो बघत बसाल की हे तोरण नक्की कुठलं.

झेंडूच्या माळा तर ढिगाने. एका गाळ्यात भाव कॅल्क्युलेटरवर टाइप करून पुढे केला, मी कमी करून परत दिला, तिने मान हलवून थोडा वाढवला, असं पाच मिनिटं, तोंडातनं शब्द नाही. शेजारच्या गाळ्यात तशीच माळ बऱ्याच कमी भावात, मी खूश, पण वन्संनी दोन्ही माळा हातात घेऊन फुलं मोजली तर स्वस्तवालीत सात कमी. पाचपासूनच आवराआवर सुरू होते, तेव्हा "शेवटी परत येऊ" हे डोक्यातनं काढा.

आता तयारीचं. मालासाठी जाताय तर एम कॅटेगरीचा बिझनेस व्हिसा, त्याला तिकडचं निमंत्रण पत्र लागतं, हे आधी बघा. शांघायला उतरलात तर पुडोंग एअरपोर्ट शहराच्या एका टोकाला आणि होंगछ्याव स्टेशन दुसऱ्या टोकाला, मधे दोन तास धराच, पुढे फास्ट ट्रेनने साधारण दीड-दोन तास. तिकीट पासपोर्टवरच निघतं. अलीपे हे तिकडचं पैसे भरायचं ॲप इथूनच डाउनलोड करून त्याला आपलं व्हिसा किंवा मास्टरकार्डचं कार्ड जोडा, बँकेच्या ॲपमध्ये इंटरनॅशनल चालू करायला विसरू नका. एका पेमेंटला 200 युआनपर्यंत चार्ज नाही, वर गेलात की 3 टक्के. गुगल, व्हॉट्सॲप तिकडच्या वायफायवर चालत नाही, पण आपल्या सिमचं रोमिंग पॅक असेल तर चालतं, आमचं सगळं त्यावरच निभावलं.

हॉटेलचा मात्र मनस्ताप झाला. स्वस्त बघून बुक केलेलं, रात्री दहाला रिसेप्शनवाला पासपोर्ट उलटसुलट करून म्हणतो परदेशी लोकांची नोंद आमच्याकडे होत नाही. पोलिसांकडे पाहुण्यांची नोंद करावी लागते ना, ते त्याला जमेना. बॅगा ओढत दुसरीकडे. त्यामुळे बुक करताना आधीच मेसेज टाकून विचारा, पासपोर्टवाले चालतात का.

जेवणाचं टेन्शन नको, व्यापारी सगळीकडचे येतात त्यामुळे अरबी, भारतीय हॉटेलं भरपूर आहेत. वन्सं पक्क्या शाकाहारी, "वो ची सू" म्हणजे मी शाकाहारी, एवढं पाठ केलेलं, तरी भाजीच्या सूपचं पाणी कशाचं ते विचारायचं राहिलं आणि एक वाटी तशीच ठेवून उठावं लागलं. मग रोज डाळभात.

चायनीज न्यू इयरला मार्केट साधारण दोन आठवडे बंद, ऑक्टोबरचा पहिला आठवडाही टाळा. आणि रेडी स्टॉक नसेल तर फॅक्टरी पंधरा दिवस ते महिना घेते, वर निंगबो बंदरातनं न्हावाशेवा आणि कस्टम. गणपतीचा माल हवा तर एप्रिलच्या पुढे जाऊ नका. आम्ही मे अखेर गेलो, माळा आल्या पण तोरणांचे चार कार्टन चतुर्थी उलटल्यावर पोचले, ते आता माळ्यावर आहेत. पाचपैकी चार स्टार, एक कापला तो आमच्याच उशिराबद्दल.