पोस्टाची आरडी : घरखर्च सांभाळणाऱ्यांसाठी कितपत कामाची?

आधी स्पष्ट सांगतो : क्रेडिट कार्डाची थकबाकी असेल तर नवी आरडी (रिकरिंग डिपॉझिट, म्हणजे दरमहा ठरावीक हप्ता भरायचं खातं) उघडू नका. बहुतेक कार्डांवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज चढतं, आरडीवर वर्षाला ६.७ टक्के मिळतं. आधी कार्ड संपवा, मगच जवळच्या पोस्टात जा.

एका पगारावर चालणाऱ्या घराला मात्र ही योजना खरंच आधार देते. सुरुवात १०० रुपयांपासून, मुदत ६० महिने. दरमहा हजार भरले तर ६० हजारांचे साधारण ७१ हजार होतात. बारा हप्ते झाले की जमा रकमेच्या निम्मं कर्ज मिळतं, व्याज आरडीच्या दरापेक्षा फक्त २ टक्के जास्त. जूनमधली फी आणि वर्षाचं धान्य एकदम अंगावर आलं, तर सावकारापेक्षा हे कितीतरी बरं.

घोळ होतो तो तारखेत. खातं १५ तारखेपर्यंत उघडलं तर हप्ता दर महिन्याच्या १५ च्या आत, नंतर उघडलं तर महिनाअखेरपर्यंत. पगार ७ ला होत असेल तर १० तारखेला उघडा. पैसे किराण्यात विरघळायच्या आत हप्ता जातो. चुकला तर शंभरामागे १ रुपया दंड. चार हप्ते थकले की खातं बंद पडतं, दोन महिन्यांत चालू करून घ्यावं लागतं.

हप्ता गोळा करायला घरी येणाऱ्या महिला एजंटला वेगळे पैसे द्यायचे नसतात, कमिशन सरकार देतं. पैसे हातात दिले की हप्त्यांच्या नोंदीच्या कार्डावर लगेच तिची सही घ्या, आणि पासबुकात नोंद झाली का ते दर महिन्याला बघा. इथे भिडस्तपणा नको.

तीन वर्षांआधी मोडता येत नाही. नंतर, पण मुदतीआधी मोडली तर बचत खात्याचंच व्याज.