डायमंड पट्टी म्हणून एमरी पेपर: माझे ४,८०० गेले, तुमचे जाऊ देऊ नका

कोल्हापुरात चार दिवसांच्या एका प्रदर्शनात, चाकू-सुऱ्यांना धार लावायची खिशात मावणारी साधने विकणाऱ्या स्टॉलवर माझे ४,८०० रुपये गेले. घडी होणारी डायमंड पट्टी, एका बाजूला ४०० नंबर आणि दुसऱ्या बाजूला १००० (नंबर मोठा तितके कण बारीक), किंमत १,८५०. स्वयंपाकघरातल्या सुऱ्यांसाठी तीन खाचांचा शार्पनर, ६५०. दोन सेट घेतले, एक घरी, एक मेहुण्यांना. ५,००० झाले, स्टॉलवाल्यानं २०० सोडले. पैसे यूपीआयने दिले, बिल मागितलं नाही. उद्यमनगरात ज्याचा टूल ग्राइंडिंगशी रोजचा संबंध आहे, त्यानं हे कबूल करायचं म्हणजे मान खाली जाते. तरीही लिहितोय, कारण तोच स्टॉलवाला पुढच्या गावात तेच टेबल मांडणार आहे.

अशी प्रात्यक्षिकं सगळ्यांनी पाहिली आहेत. टोमॅटोचे पातळ काप, कागदाच्या पट्ट्या, काचेवर ओरखडा. यातलं एकही पट्टी खरी असल्याचा पुरावा नाही. टोमॅटोची साल खरखरीत धारेला उलट लवकर कापली जाते. शार्पनरच्या कार्बाइडच्या, म्हणजे अतिकठीण पात्यांच्या, खाचेतून सुरी चारदा ओढली की धारेला करवतीसारखे बारीक दाते येतात, टोमॅटो सरसर कापतो आणि आठवड्यात सुरी पुन्हा बोथट होते. काचेचं तर बोलायलाच नको. काचेचा कठीणपणा मोह्‌ज मापावर साडेपाचच्या आसपास. साध्या एमरी पेपरवरचं अॅल्युमिनियम ऑक्साइड ९, सिलिकॉन कार्बाइड त्याहून थोडं वर. दोन्ही काच ओरबाडतात. हिरा १० आहे, पण काचेवर त्या फरकाचा पत्ता लागत नाही.

हे सगळं मला तिथे उभा असतानाही माहीत होतं. म्हणून मी टोमॅटोकडे लक्षच दिलं नाही. खिशातला घडीचा चाकू काढला आणि म्हटलं, याला लाव. त्यानं लावला, आणि उत्तम लावला. पाच-सहा हातांत बर, म्हणजे धारेपलीकडे वळणारी धातूची बारीक कड, आली, बाजू बदलली, बर गेली, मनगटावरचे केस उतरले. त्याच्या हातातली पट्टी खरी होती, यात मला आजही शंका नाही. मधोमध निकेलची चकाकी दिसत होती, म्हणजे ती चांगली वापरलेली होती.

मग त्यानं टेबलाखालून सीलबंद बॉक्स काढले. मी प्लास्टिकला नख लावलं तेव्हा म्हणाला, "पाव्हणं, सील फोडू नका, वॉरंटी जातीय." आणि मी हात मागे घेतला. सगळं तिथेच होतं. धार लावायच्या पट्टीला कसली आली वॉरंटी? ती झिजतेच, झिजण्यासाठीच असते. हातातली पट्टी वेगळी आणि बॉक्समधली वेगळी, ही बाजारातली सर्वांत जुनी लबाडी. पण आपल्याच चाकूला लागलेली धार आपल्याच हातात असली की माणूस बॉक्सवर संशय घेत नाही. माझ्या मागे दहा माणसं उभी होती, हेही खरं. पण नख लावलं होतं, ते पुढे न्यायला दोन सेकंद लागले असते.

घरी बॉक्स उघडला. ४०० आणि १००० दोन्ही बाजूंनी चाकूवर सारखेच ओरखडे, दहापट भिंगाखाली एकाच जाडीचे. पट्टी दहा मिनिटं पाण्यात ठेवली आणि कडा सुटली. खाली पत्रा, वर गोंदाने चिकटवलेला तपकिरी एमरी पेपर. खऱ्या पट्टीत हिऱ्याचे कण धातूच्या पाटीवर निकेलच्या थरात पक्के बसवलेले असतात, पाण्यानं त्यांना काहीच होत नाही. उलट ती पाण्याबरोबरच वापरतात, म्हणजे भुसा धुतला जातो. शार्पनरमधल्या कार्बाइडच्या दोन पात्या एका रेषेत नव्हत्या. सुरी ओढली की एका बाजूनं छिलका निघायचा आणि धार लाटेसारखी वाकडी व्हायची. "डायमंड" लिहिलेल्या खाचेत राखाडी रंग दिलेली साधी सळई. मेहुण्यांनी विश्वासानं १,३५० रुपयांची सुरी त्यातून ओढली. टाचेपाशी, म्हणजे मुठीजवळ, खड्डा पडला, आता तिथे पातं पाटाला टेकत नाही आणि कोथिंबीर अर्धवट चिरते. तो खड्डा काढायला सगळं पातं खाली घ्यावं लागेल.

तुम्ही घेणार असाल तर बॉक्स पैसे देण्याआधी उघडा, आणि त्याच पट्टीवर आपला चाकू घासून बघा. नुसती धार बघू नका, बर बघा. एका बाजूनं घासल्यावर दुसऱ्या बाजूला, पात्याच्या पाठीकडून धारेकडे आडवा अंगठा सरकवला की बारीक कड लागली पाहिजे, टोकापासून टाचेपर्यंत. अंगठा धारेच्या लांबीवरून कधीही फिरवू नका. पट्टीला स्टीलची मोजपट्टी उभी लावून उजेडाकडे धरा. मधून उजेड दिसला तर पट्टी वाकडी आहे, कितीही खरी असली तरी ठेवून द्या. नंबरासोबत कणांचा आकार मायक्रॉनमध्ये (मिलिमीटरचा हजारावा भाग) छापलेला असला तर बरं. चांगल्या पट्ट्यांवर ३२५ म्हणजे सुमारे ४५, ६०० म्हणजे २५ आणि १२०० म्हणजे ९ मायक्रॉन असं दिलेलं असतं.

तीन इंची पात्याच्या घडीच्या चाकूला चार इंचाची पट्टी पुरते. आठ इंची सुरीला सहा इंचाहून लहान पट्टी घेऊ नका. हात मध्येच थांबतो आणि जिथे थांबतो तिथे पातं जास्त झिजतं. खिशातल्या चाकूला एका बाजूला २० अंश ठेवा. पातं २० मिलिमीटर रुंद असेल तर त्याची पाठ पट्टीपासून ७ मिलिमीटर उचलायची. ४० मिलिमीटर रुंद सुरीला १५ अंश, म्हणजे साधारण १० मिलिमीटर. कोन जमतोय का ते कळायला धारेला मार्करची शाई लावा आणि दोन हात मारा. अगदी धारेवरची शाई तशीच राहिली तर पाठ थोडी उचला, फक्त धारेवरचीच गेली तर पाठ जास्त उचलली आहे, खाली करा. जोर लावू नका. दाबलं की हिऱ्याचे कण निकेलमधून उपटून येतात आणि खरी पट्टीही महिन्यात गुळगुळीत होते. नवी पट्टी पहिल्या दोन-तीन वेळा जास्त खरखरीत लागते, वर आलेले कण गेले की बसते. ते बिघाड समजू नका.

खाचेचे शार्पनर मी तरी कुणाला सुचवणार नाही. त्यांचा कोन ठरलेला, तुमच्या सुरीचा कोन वेगळा. मऊ स्टीलच्या स्वस्त सुरीला चालून जाईल, पण कठीण आणि पातळ पात्याचे टवके उडतात. विळी तर त्यात जातच नाही. तिला निसणाच बरा, नाहीतर सरळ शिकलगाराकडे न्यायची.

आता दाद मागायचं. स्टॉलवाल्याच्या व्हिजिटिंग कार्डावरचा फोन नंबर तिसऱ्या दिवशी बंद. आयोजकांनी सांगितलं, आम्ही फक्त गाळ्याचं भाडं घेतो. भाडं कुणाकडून घेतलं, त्याचं नाव-गाव सांगायला तयार नाहीत. बँकेत गेलो, तर पैसे तुम्हीच पाठवलेत, आम्ही काय करणार? पोलीस ठाण्यात पाऊण तास बाकावर बसवलं आणि मग प्रश्न, "किती गेलं? चार हजार आठशे? आणि कशात, धारंच्या पट्टीत?" शेजारचा हसला. ही दिवाणी बाब आहे म्हणून अर्जही घेतला नाही. ज्याच्या नावावर पैसे गेले ते नाव माझ्या मोबाइलवर आहे, तारीख आहे, वेळ आहे, स्टॉलवर टांगलेल्या फलकाचा फोटो आहे. आणखी काय आणायचं होतं? एका सरकारी कार्यालयात बॉक्स दाखवला. त्यावर उत्पादकाचा पत्ता नाही, आयातदार नाही, कमाल किरकोळ किंमत नाही. पाकिटबंद मालावर हे सगळं छापणं २०११ च्या नियमांनी बंधनकारक आहे. तिथल्या बाईंनी बॉक्स उलटसुलट केला आणि म्हणाल्या, सील फोडलेलं आहे, असं चालत नाही. म्हणजे विकणारा सील फोडू देत नाही आणि फोडलं की हे तक्रार घेत नाहीत. त्या दिवशी कामावर न जाता तीन ठिकाणी फिरलो, त्याचे पैसे मी ४,८०० मध्ये धरलेलेच नाहीत.

जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. पण विरुद्ध पक्षाचा पत्ता लागतो, तो माझ्याकडे नाही. म्हणून स्टॉलवरून काहीही घेताना छापील पत्त्याचं बिल आधी हातात घ्या. यूपीआय करताना दुकानाऐवजी एखाद्या व्यक्तीचं नाव दिसलं तर तिथेच थांबा. माझ्या पडद्यावर व्यक्तीचंच नाव आलं होतं, मी ते वाचलं आणि पिन टाकला.

बॉक्स काळा आहे. त्यावर सोनेरी अक्षरात ४००/१०००, मागची बाजू कोरी, आत राखाडी कापडी पाऊच. सांगली, इचलकरंजी, बेळगावकडे हे टेबल दिसलं तर सील तिथेच फोडा आणि पट्टीची कड नखानं उचलून बघा. ओली करायचीही गरज नाही. माझ्या दुसऱ्या सेटची कड कोरडीच सुटली.