स्पॅनिश क्रियापदं फोडून वाचण्याची पद्धत : काही महिने वापरल्यानंतर

क्रियापदाचं रूप समोर आलं की आधी पेन्सिलीने त्याचे उच्चारखंड (एका दमात म्हटले जाणारे तुकडे) पाडायचे, मग आघात, म्हणजे कोणत्या खंडावर जोर येतो ते, शोधायचा आणि त्यानंतरच ते तोंडाने म्हणायचं, अशी ही पद्धत. गेले काही महिने मी रोजच्या सरावात ती वापरतेय. मराठी माणसाने स्पॅनिश शिकताना ती पहिल्या आठवड्यापासून धरावी, असं माझं ठाम मत झालंय.

आघात सरकला म्हणून अर्थ बदलतो, याची आपल्या कानाला सवयच नाही. स्पॅनिशमध्ये 'आब्लो'तल्या 'आ'वर जोर दिला तर 'मी बोलतो', 'ब्लो'वर दिला तर 'तो बोलला'. 'आब्लारा'त शेवटी जोर आला की भविष्यकाळ, मधल्या 'ब्ला'वर आला की 'तो बोलला तर' असं जर-तरचं रूप.

नियम थोडेच आहेत. शेवटी स्वर, एन किंवा एस असेल तर आघात शेवटून दुसऱ्या खंडावर, एरवी शेवटच्या खंडावर. म्हणून 'आब्लार' (बोलणे), 'कोमेर' (खाणे) या मूळ रूपांत जोर शेवटी. याबाहेर गेलं की स्वरावर तिरकी रेघ येते. पण खंड चुकले तर मोजणीही चुकते, म्हणून खरी मेहनत तिथे.

'कान्तो' (मी गातो) हे कान-तो असं तुटतं. वृत्तांचे लघु-गुरू लावलेल्यांना हे लगेच पटेल. 'आब्लो'ला मात्र तीच सवय आडवी येते, कारण ब्ल, ब्र, त्र, प्ल अशा जोड्या फुटत नाहीत: आ-ब्लो. आ, ए, ओ यांतले दोन स्वर शेजारी आले की वेगळे होतात, जसं ले-ओ (मी वाचतो). इ किंवा उ शेजारच्या स्वरात मिसळतात. त्यांच्यावर रेघ असली तर वेगळे राहतात, जसं को-मी-आ (तो खात असे).

जुनी पुस्तकं वापरत असाल तर एक सांगते. 'ग्यो' (त्याने वाट दाखवली) अशा रूपांवर पूर्वी रेघ असायची. स्पॅनिश अकादमीच्या २०१० च्या शुद्धलेखन नियमांनुसार ती एकाच खंडाची धरतात आणि रेघ देत नाहीत.

पद्धत एका जागी अपुरी पडते. 'काम्बिआर' आणि 'एन्बिआर' दिसायला सारखीच, पण 'मी बदलतो' म्हणजे काम-ब्यो, दोन खंड. 'मी पाठवतो' म्हणजे एन-बी-ओ, तीन. मूळ रूपावरून हे कळत नाही. अशा प्रत्येक क्रियापदाचं 'मी'चं रूप मी वहीत शेजारी लिहून ठेवते. अकादमीच्या ऑनलाइन कोशात रूपांचा पूर्ण तक्ता फुकट मिळतो.