येऊरचा सकाळचा जंगल वॉक: आवाज न करता चालायचं असेल तर नक्की जा

ठाण्याला येऊरमध्ये संजय गांधी नॅशनल पार्कचं गेट आहे, तिथून उजाडता उजाडता निघणारा हा छोटा वॉक केला आणि पैसे वसूल झाले. बाकीच्या वॉकमध्ये झाडांची नावं आणि पक्ष्यांचे फोटो यावरच जोर असतो, इथे गाईड दादा, जे तिथल्याच पाड्यातले आहेत, सुरुवातीला फक्त पाऊल कसं टाकायचं तेच शिकवत बसतात.

टाच आपटायची नाही, पायाची बाहेरची कड हळूच टेकवायची, खाली काडी आहे का ते तळव्याला कळू द्यायचं आणि मगच वजन टाकायचं, तोपर्यंत सगळा भार मागच्या पायावर. ऐकायला सोपं वाटतं पण उन्हाळ्याच्या तोंडाला सागाची पानं पापडासारखी वाजतात तेव्हा घाम फुटतो. आणि मेन म्हणजे एका ठेक्यात चालायचंच नाही, ती माणसाची चाल हरणाला लांबूनच कळते, म्हणून दोन-तीन पावलं, थांबा, बघा, परत एखादं पाऊल, चरणारं जनावर असंच पुढे सरकतं ना.

वाऱ्याचं तर मला माहीतच नव्हतं. दादा चिमूटभर राख सोडून बघतात. सकाळी थंड हवा डोंगरावरून खाली उतरते, ऊन चढलं की उताराने वर जायला लागते, त्यावरून कुठल्या पायवाटेने जायचं ते ठरतं, कारण आपला वास पुढे गेला तर कितीही गुपचूप चाला, काही उपयोग नाही.

आम्हाला चितळांचा कळप दिसला, चांगला जवळून! मादीने मान वर केली की सगळे जागच्या जागी स्टॅच्यू, परत चरायला लागली की मगच हलायचं. सांबर दिसलं नाही, नुसतं ‘पोंक’ ऐकू आलं.

ही सगळी मुळात शिकाऱ्यांची विद्या. आता १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि हे तर नॅशनल पार्क, दादा पायवाट सोडून एक पाऊल टाकू देत नाहीत, मला ते फार आवडलं. विद्या टिकली पाहिजे, जनावरंही टिकली पाहिजेत.

तक्रार एकच, काय घालून यायचं ते बुकिंग करताना कोणी सांगत नाही. एकाच्या नायलॉन विंडचीटरची चरचर सगळ्यांना भोवली, एक भेकर पळालं त्यात. सुती कपडे घाला, पातळ सोलचे कॅनव्हास बूट, खिशात किल्ल्या-चिल्लर नको, परफ्यूम तर नकोच. निळी जीन्स पण टाळा, हरणांना लाल-नारिंगी नीट कळत नाही पण निळा ठळक दिसतो.

अगदी लहान मुलांना नेऊ नका, इतका वेळ गप्प राहणं त्यांना जड जातं. पाचपैकी चार स्टार, कपड्यांचा मेसेज आधी पाठवायला लागले की पाच देईन.