संस्थानी दप्तर आणि अभिलेख पटल: काही महिने वापरल्यानंतरचा अनुभव (जरा मोठा आहे)

आमच्या गावची मराठी शाळा नक्की कुठल्या साली सुरू झाली ह्यावर गावात दोन मतं आहेत, भिंतीवर एक साल रंगवलंय आणि म्हातारी माणसं दुसरंच सांगतात. म्हणून गेले काही महिने मी कोल्हापूर संस्थानच्या जुन्या कागदांच्या मागे आहे. शाहू महाराजांनी 1917 साली सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला, पोराला शाळेत न घालणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड, म्हणजे गावोगावचे कागद तयार झाले असणारच. त्यासाठी दोन गोष्टी वापरल्या, एक राष्ट्रीय अभिलेखागाराचं अभिलेख पटल पोर्टल आणि दुसरं म्हणजे मोडी ह्या जुन्या मराठी लिपीतलं दप्तर बघायला प्रत्यक्ष वाचनकक्षात जाऊन बसणं.

आधी पोर्टल. 2015 पासून चालू आहे, ईमेल टाकून खातं काढायचं आणि घरबसल्या दिल्लीतल्या फायली पान-पान उघडून बघायच्या. ह्यासाठी पूर्वी दिल्लीला जाऊन राहावं लागायचं, त्यामुळं राजारामपुरीत घरी बसून रात्री अकरा वाजता पोलिटिकल एजंटचा, म्हणजे संस्थानावर नेमलेल्या इंग्रज अधिकाऱ्याचा, पत्रव्यवहार वाचता येतो ह्याचं मला अजून अप्रूप वाटतं. फक्त एक समजून घ्या, इथं शोध चालतो तो फाइलच्या इंग्रजी नावावर आणि वर्णनावर, आतल्या मजकुरावर नाही. त्यात साहेबाच्या काळात कोल्हापूरचं स्पेलिंग एक नव्हतं, मधला एच गाळून लिहिलेलं असतं, शेवटी कुठं पोर तर कुठं पूर, म्हणून सगळी स्पेलिंगं टाकून बघायची, नाहीतर निम्म्या फायली दिसतच नाहीत. दुसरं म्हणजे तिथं जे मिळतं ते इंग्रज सरकारच्या नजरेतलं कोल्हापूर. दत्तक, वारसा, जहागीरदारांच्या तक्रारी ह्याला उत्तम. गावची शाळा, मास्तरचा पगार, विहिरीचा तंटा असलं काही पाहिजे असेल तर मोडीकडंच यावं लागतं.

वाचनकक्षात रुमाल बघायला मिळतात, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे. चिठ्ठी भरायची, रुमाल येतो, गाठ सोडायची, टिपणं पेन्सिलनंच काढायची. मी पहिल्यांदा गावाचं नाव घेऊन विचारलं तर तिथले एक जुने कर्मचारी म्हणाले, "सर, गावाच्या नावानं न्हाई गावायचं ओ, पेठा कुठला ते सांगा आधी." ह्या एका वाक्यानं माझं अख्खं काम मार्गी लागलं. संस्थानात पेठे होते, म्हणजे आजच्या तालुक्यासारखे भाग, करवीर, पन्हाळा, आळते, शिरोळ, गडहिंग्लज, भुदरगड असे, आणि आपण आज हातकणंगले तालुका म्हणतो तिकडच्या गावाचे कागद आळते पेठ्यात शोधायचे. शिवाय विशाळगड, बावडा, कागल, कापशी, इचलकरंजी ह्या जहागिरी वेगळ्या, त्यांचा कारभार वेगळा आणि दप्तरंही वेगळी. हे कुठं बोर्डवर लिहिलेलं नसतं, माहितीपत्रकात नसतं, आणि नवीन माणूस नेमका इथंच अडकून परत जातो.

माझं स्पष्ट मत झालंय की कागद लोकांना खुले करायचे तर स्कॅनिंगच्या आधी फेरिस्त, म्हणजे यादी पाहिजे. कुठल्या रुमालात कुठल्या पेठ्याचे, कुठल्या खात्याचे, कुठल्या सालापासून कुठल्या सालापर्यंतचे कागद आहेत एवढी साधी यादी जरी मराठीत टाइप करून नेटवर टाकली तरी माणूस घरून ठरवून येईल, कर्मचाऱ्यांचाही वेळ वाचेल. स्कॅन केलेली हजारो पानं यादीशिवाय टाकली तर ती कुणाला सापडणार? एका दप्तरखान्यात (नाव घेत नाही) मला यादी बघायलाच विद्यापीठाच्या गाइडचं पत्र आणा म्हणून सांगितलं. मी संशोधक विद्यार्थी नाही, गावचा माणूस आहे, गावाचा कागद बघायला आलोय, तर मी गाइड कुठनं आणू? ओळखपत्र मागा, रजिस्टरला सही घ्या, कागद डोळ्यासमोर हाताळायला लावा, ते सगळं रास्तच आहे. पण यादी कसली लपवायची.

मोडीचं म्हणाल तर घाबरू नका. आधी पानभर आडवी रेघ मारलेली आणि अक्षरं तिला लोंबत गेलेली, दोन शब्दांत जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही, सुरुवातीला नुसती नक्षी दिसते. रोज एक पान धरलं तर हात बसतो, मोडीचे वर्ग पुराभिलेख खातं घेतंच. जास्त अडतं ते तारखांवर. जुन्या कागदावर साल अरबी शब्दांत असतं, समजा "सलास तिसैन मया व अलफ" आलं तर 3, 90, 100 आणि 1000 मिळून सुहूर सन (जुन्या कागदांतली कालगणना) 1193, त्यात 599 किंवा 600 मिळवले की 1792-93 येतं. हा तक्ता छापून प्रत्येक टेबलावर चिकटवला तर काय खर्च येणार आहे? नवीन वाचकाला धरून ठेवायचं तर असल्याच गोष्टी लागतात.

आणि वाचकांकडनं घ्या की काहीतरी. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ट्रोव्ह ह्या वेबसाइटवर जुन्या वर्तमानपत्रांच्या मजकुरातल्या चुका साधी माणसं घरी बसून ओळ-ओळ दुरुस्त करतात आणि ते पुढच्या माणसाला शोधात लगेच उपयोगी पडतं. आपल्याकडं मोडी येणारी निवृत्त मंडळी गल्लोगल्ली आहेत, ती एक पान वाचतात, स्वतःच्या वहीत उतरवतात आणि वही कपाटात जाते. ते लिप्यंतर त्या रुमालाच्या नंबरासकट जमा करून घ्यायची सोय पाहिजे, खाली वाचणाऱ्याचं नाव टाकायचं आणि दुसऱ्या जाणकारानं तपासायचं. 2019 आणि 2021 च्या पुरात किती घरांतल्या सनदा आणि चोपड्यांचा लगदा झाला हे शाहूपुरीत कुणालाही विचारा, त्यामुळं घरचे कागद आणून दाखवायला, फोटो काढून घ्यायला वर्षातनं एक दिवस ठेवला तर लोक नक्की येतील.

शाळेचं साल अजून लागलेलं नाही, आळते पेठ्याचे शिक्षणाकडचे कागद बघणं चालू आहे. कागल किंवा इचलकरंजी जहागिरीतल्या गावांचे शाळेचे कागद कुणी बघितले असतील तर कुठं आणि कुठल्या नावाखाली मिळाले ते खाली लिहा. माझ्याकडं रुमालांची जी टिपणं झालीत ती मी कुणालाही द्यायला तयार आहे.